जाता जाता पाहिला जाणारा मुलूख

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार शहरालगत शिरपामाळ नावाचा एक उघडा माळ आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली, तेव्हा त्या वाटेवर त्यांचा मुक्काम या माळावर पडला, जव्हारचे राजे विक्रमशहा मुकणे यांनी त्यांचे स्वागत केले आणि महाराजांनी राजांना मानाचा शिरपेच दिला, असे इथली परंपरा सांगते. आज तिथे स्मारक आहे आणि जव्हारला येणारा पाहुणा एकदा तरी तिथे जातोच. या भेटीनंतर आठ वर्षांनी, १६७२ मध्ये, महाराजांचेच पेशवे मोरोपंत पिंगळे यांच्या फौजेने जव्हार जिंकून घेतले. एक हकीकत आपण अभिमानाने सांगतो, दुसरी फारशी सांगत नाही. पण भूगोलाच्या दृष्टीने दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. त्र्यंबकच्या घाटमाथ्यावरून गुजरातच्या मैदानाकडे उतरणाऱ्या वाटेवर हा मुलूख पडतो. बाहेरच्या जगाला त्याची गरज लागली ती बहुतेक वेळा दुसरीकडे पोहोचण्यासाठी. आज इथे येणारा पर्यटक तलवार घेऊन येत नाही, पण तोही बहुधा जाता जाताच येतो. तो सकाळी येतो, धबधबा पाहतो आणि अंधार पडायच्या आत परत फिरतो. जव्हार आणि शेजारच्या मोखाड्याच्या पर्यटनाचा खरा प्रश्न या सकाळ-संध्याकाळच्या येण्याजाण्यात दडलेला आहे.

जगाच्या पर्यटनाचा नकाशा समोर ठेवला की पहिली समजूत गळून पडते ती ही की माणसे सुंदर ठिकाणी जातात. माणसे जातात ती मुख्यतः जवळच्या, सोयीच्या आणि आधीच नाव झालेल्या ठिकाणी. १९५० मध्ये जगभरात देशाची सीमा ओलांडून फिरायला जाणाऱ्यांच्या भेटी सुमारे अडीच कोटी होत्या. २०१९ पर्यंत त्या १४६ कोटींच्या आसपास पोहोचल्या, महासाथीत कोसळल्या आणि २०२४ मध्ये पुन्हा १४० कोटींवर आल्या. यांतल्या निम्म्याहून अधिक भेटी एकट्या युरोपात होतात, आणि युरोपात जाणाऱ्यांमध्ये बहुसंख्य युरोपातलेच असतात. निसर्गाने युरोपवर विशेष मेहेरबानी केली म्हणून हे झालेले नाही. तिथे श्रीमंत देश एकमेकांना खेटून आहेत, रेल्वे आहे, भरपगारी सुट्टी आहे. भारतात हेच सूत्र दुसऱ्या रूपात दिसते. २०१९ मध्ये भारतात सुमारे १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले, म्हणजे जगाच्या एक टक्क्याहूनही कमी. त्याच वर्षी देशांतर्गत पर्यटकांच्या भेटी सरकारी हिशोबाने २३२ कोटी होत्या. आपल्याकडचे पर्यटन म्हणजे आपणच आपल्या शेजारी जाणे. म्हणून मोठ्या शहराभोवती दोन-चार तासांच्या अंतरावर विरंगुळ्याचा एक पट्टा तयार होतो. लोणावळा, माथेरान, अलिबाग, कर्जत, इगतपुरी ही मुंबईच्या पट्ट्यातली नावे. जव्हार आणि मोखाडा या पट्ट्याच्या बाहेरच्या काठावर आहेत, आणि हा काठ दरवर्षी थोडा पुढे सरकतो आहे.

जव्हार इतकी वर्षे या पट्ट्याबाहेर राहिले याचेही कारण उंची किंवा हवा नव्हे. समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपासचे हे गाव उन्हाळ्यात सुसह्य असते आणि पावसाळ्यात हिरवेगार. ‘ठाण्याचे महाबळेश्वर’ हे बिरुद त्याला कोणी उगाच दिलेले नाही. पण इंग्रजांची थंड हवेची ठिकाणे त्यांच्या स्वतःच्या मुलखात, रेल्वेच्या आसपास वाढली. माथेरान १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेस पडले आणि १९०७ मध्ये तिथे गाडी चढली. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. रूळ तिथवर आले नाहीत, साहेबांचे बंगले उठले नाहीत. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. मागे उरला तो जयविलास राजवाडा, काजूची झाडे आणि भोवतालचे पाडे. २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला तेव्हाही जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांची लोकसंख्या नव्वद टक्क्यांहून अधिक आदिवासीच होती: वारली, कोकणा, महादेव कोळी, मल्हार कोळी, ठाकूर, कातकरी. हा उशीर म्हणजे मागासलेपणाचा पुरावा असे समजण्याची सवय आपल्याला लागली आहे. पर्यटनापुरते बोलायचे तर तो या तालुक्यांच्या हातातला हुकमी पत्ता ठरू शकतो, कारण इतरांचे काय झाले हे पाहून निर्णय घ्यायला त्यांना अजून सवड आहे.

ही सवड फार मोठी नाही. वाढवण बंदराजवळच्या तव्यापासून समृद्धी महामार्गावरच्या भरवीरपर्यंत सुमारे १०५ किलोमीटरच्या द्रुतगती मार्गाला राज्य सरकारने २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे आणि तो डहाणू, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी असा जायचा आहे. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाची मुख्य स्नाने आहेत, आणि त्र्यंबकहून मोखाड्यात उतरणारा रस्ता हा त्या गर्दीला समुद्राकडे नेणारा सरळ रस्ता आहे. शहरापासूनचे आजचे अडीच-तीन तासांचे अंतर उद्या दीड तासावर आले, की पर्यटक दुपटीने येतील हे सांगायला तज्ज्ञ नको. मात्र अंतर कमी झाले की मुक्काम वाढतो असे मुळीच नाही. उलट होते. जिथे रात्र काढावी लागत होती तिथून रात्रीपर्यंत घरी परतता येऊ लागते.

जुलैमधल्या एखाद्या रविवारी दाभोसा धबधब्याकडे जाणाऱ्या गाडीच्या खर्चाचा माग काढून पाहावा. लेंडी नदी इथे सुमारे तीनशे फूट खाली कोसळते आणि हे दृश्य खरोखरच डोळे दिपवणारे आहे. ठाण्याहून किंवा वसईहून निघालेले कुटुंब पेट्रोल शहरात भरते. टोल महामार्गावर देते. नाश्ता महामार्गावरच्या हॉटेलात होतो, पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटे घरून किंवा वाटेतल्या दुकानातून येतात. धबधब्यावर पोहोचल्यावर गावात जे पैसे पडतात ते भाजलेल्या कणसाचे, चहाचे, भज्यांचे आणि असलीच तर गाडी लावण्याच्या पावतीचे. परतताना एखादी बाई रस्त्याकडेला करटुली घेऊन बसलेली असते, तिच्याशी घासाघीस होते. दिवसभराच्या खर्चातला फार थोडा हिस्सा पाड्यावर राहतो; रिकाम्या बाटल्या आणि पाकिटे मात्र बहुतेक सगळी राहतात. हा काही जव्हारचा खास दोष नाही. थायलंडविषयीच्या एका जुन्या अभ्यासाचा अंदाज होता की पर्यटकाच्या खर्चातला सुमारे सत्तर टक्के पैसा विमान कंपन्या, परदेशी हॉटेले आणि आयात माल यांच्यामार्गे देशाबाहेर निघून जातो. तिथे गळती देशाबाहेर होते, इथे तालुक्याबाहेर. गळतीचे तत्त्व तेच.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पैशाच्या रकमेपेक्षा पैशाच्या वेळेची आहे, आणि तिच्याकडे पर्यटन आराखडे करणारे फारसे पाहत नाहीत. या तालुक्यांचे वर्ष दोन भागांत तुटलेले असते. जून ते ऑक्टोबर माणसे घरी असतात. भाताची आवणी, नागली, वरई, निंदणी, मग कापणी. या दिवसांत प्रत्येक हात शेतात गुंतलेला असतो. दिवाळी झाली की घरे रिकामी होऊ लागतात. माणसे जगायला जातात, असेच इथे म्हणतात: भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, रेतीवर, नाशिककडे द्राक्षबागांत. उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे जाण्यावाचून गत्यंतर नसते. मुले बरोबर जातात, शाळा सुटते, लसी चुकतात, गरोदर बाईची तपासणी राहून जाते. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने शंभराहून अधिक बालके दगावल्याच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला होता. २०१६ मध्ये मोखाड्यातील बालमृत्यूंनी हा प्रश्न संपलेला नाही हे पुन्हा दाखवले. कुपोषणाची कारणे अनेक आहेत, पण हे स्थलांतर त्यांतले एक ठळक कारण आहे, याबद्दल या भागात काम करणाऱ्यांत दुमत नाही. आता पर्यटकांचे वर्ष पाहा. ते जूनच्या अखेरीस सुरू होते आणि धबधबे आटले की संपते. माणसाला कामाची गरज नसते तेव्हा पर्यटन गर्दी करते आणि गरज असते तेव्हा पाठ फिरवते. धबधब्याच्या पर्यटनाने एकही कुटुंब वीटभट्टीवर जायचे थांबत नसेल, तर ‘पर्यटनातून विकास’ ही या तालुक्यांपुरती पोकळ घोषणा आहे, मग गाड्यांचा आकडा कितीही फुगो.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की गरिबाच्या दारात येणारे चार पैसे तरी का नाकारायचे? कणीस विकणाऱ्या बाईला त्या रविवारी मिळालेले पैसे तिच्यासाठी खरे आहेत, आणि शहरात बसून त्यांना क्षुल्लक म्हणणे योग्य नाही. हा आक्षेप अगदी बरोबर आहे. तिचे पैसे नाकारावेत असे कोणी म्हणू नये. मुद्दा असा की ते पैसे मिळवून देण्याच्या नावाखाली आपण काय काय मंजूर करतो आहोत. पर्यटनवाढीच्या नावाने रस्ता रुंद होतो, मग रस्त्याकडेची जमीन महाग होते, मग बाहेरचा माणूस ती शोधत येतो, मग रिसॉर्ट उभे राहते, त्याची विहीर खोल जाते, आणि कणीस विकणाऱ्या बाईच्या पदरात तिथली भांडी घासण्याचे काम पडते. लोणावळा, कर्जत, मुळशी या भागांत जमिनींचे काय झाले हे महाराष्ट्राने डोळ्यांदेखत पाहिले आहे. जव्हार-मोखाड्यात हे घडायला आडवा येतो तो कायदा: आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून बिगर आदिवासीकडे जाऊ शकत नाही, अशी तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १९७४ च्या दुरुस्तीने भक्कम झाली. आदिवासींना आपल्या जमिनी खासगी भाडेपट्ट्याने देण्याचा मार्ग सोपा करण्याचा विचार महसूल खात्याने २०२५ मध्ये बोलून दाखवला, तेव्हा त्याला विरोध झाला, आणि तो विरोध रास्त होता. पर्यटनाच्या दृष्टीने ही तरतूद म्हणजे अडथळा आहे असे गुंतवणूकदार म्हणतात. इथल्या कुटुंबांच्या दृष्टीने मात्र सौदा करण्यासाठी हाती असलेले भांडवल ते तेवढेच आहे.

पाण्याचा विषय जमिनीपेक्षाही नाजूक आहे. इथे पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण काळ्या खडकावरून तो वाहून जातो, आणि फेब्रुवारी-मार्चपासून मोखाड्याच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहणे सुरू होते. याच मोखाडा तालुक्यात कोचाळे इथे मुंबई महापालिकेने मध्य वैतरणा धरण बांधले. २०१२ मध्ये पूर्ण झालेले हे धरण मुंबईला दररोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी देते. धरणाच्या भिंतीपलीकडे उन्हाळ्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन दरीत उतरतात. अशा तालुक्यात पोहण्याचा तलाव असलेले एक रिसॉर्ट म्हणजे केवळ चवीचा किंवा शोभेचा प्रश्न राहत नाही. तो थेट पाण्याच्या वाटपाचा प्रश्न होतो, आणि त्यावर ग्रामसभेचा कौल घेतल्यावाचून परवानगी मिळता कामा नये.

मात्र पाण्याच्या या उदाहरणातच पर्यटनाची एक वेगळी बाजू दडलेली आहे, आणि या प्रकरणाचा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. आजवर या मुलखातून शहराने दोन गोष्टी नेल्या. पाणी जलवाहिनीतून गेले, मजूर ट्रकमधून गेला. दोन्ही वेळा किंमत ठरली ती घेणाऱ्याच्या दारात, कारण वस्तू तिथे पोहोचल्यावर देणाऱ्याकडे काही बोलायला उरत नव्हते. तिसरी गोष्ट म्हणजे दृश्य. दरी, धबधबा, शिरपामाळावरून दिसणारे क्षितिज हे जागचे हलत नाही. ते पाहायला माणसालाच यावे लागते. म्हणजे या एका व्यवहारात तरी गिऱ्हाईक गावाच्या वेशीवर येऊन उभे राहते, आणि वेशीवर कोण बसले आहे यावर सगळे ठरते. ठेकेदार बसला तर पैसा त्याच मार्गाने खाली उतरेल. ग्रामसभा बसली तर दर, संख्या, वेळ आणि नियम ती ठरवू शकेल. जव्हार आणि मोखाडा हे तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतात. अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीचा १९९६ चा पेसा कायदा, त्याचे महाराष्ट्रातील २०१४ चे नियम आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे सामूहिक हक्क, असे तिहेरी पाठबळ इथल्या ग्रामसभांना आहे. बहुतेक धबधबे आणि कडे वनजमिनीवर किंवा तिच्या कडेला आहेत. कायदा हाताशी आहे, वापर कमी आहे.

ग्रामसभांना हे झेपणार नाही, तिथेही दोन-चार पुढारीच सगळे बळकावतील, अशी शंका लगेच घेतली जाते. ही शंका घेणाऱ्यांनी ठेकेदारी पद्धतीतली बळकावणूक इतक्या सहजपणे कशी पचवली, हे विचारता येईल. पण केवळ उलट प्रश्न विचारून शंका फिटत नाही, म्हणून प्रत्यक्षातली उदाहरणे पाहू. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभेने स्वतःचा बांबू स्वतः विकला, हिशोब ठेवला, मजुरी वाटली. बांबूचा व्यापार सांभाळणे हे पार्किंगच्या पावत्या सांभाळण्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेले आणि गर्दीने फुले तुडवली जाऊ लागली. तिथे आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीने शुल्क घेणे, दिवसाची संख्या बांधणे, आगाऊ नोंदणी, वाहने लांब थांबवणे हे सगळे हळूहळू बसवले. अकोले तालुक्यातील पुरुषवाडीत पाहुणे गावातल्या घरांत राहतात आणि घरांना पाळीने काम मिळते, त्यामुळे एकाच घराची भरभराट होऊन गावात तेढ पडणे टळते. यांपैकी कोणतेही गाव निर्दोष नाही. कासला कुंपणावरून, शुल्कावरून, सुट्टीच्या दिवशीच्या कोंडीवरून वाद झाले आहेत. पण ते वाद गावांत, सर्वांसमोर झाले आणि त्यातून नियम बदलले. पर्यटनाचे स्थानिक नियंत्रण याचा अर्थ भांडण नसणे असा नाही, भांडण मिटवायची जागा गावात असणे असा आहे.

सुरक्षिततेच्या बाबतीत तर स्थानिक नियंत्रणाला पर्यायच नाही. जुलै २०२० मध्ये जव्हारजवळच्या काळमांडवी धबधब्यात पाच तरुण बुडाले, आणि ते दूरचे पर्यटक नव्हते, जव्हारचेच होते. अशा घटनांनंतर पावसाळ्यात बंदीचे आदेश निघतात आणि रस्त्यावर पोलिसांचा अडथळा लागतो. बंदी हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. ती मोडली जाते, आणि ज्या दिवशी पाळली जाते त्या दिवशी कणीस विकणाऱ्या बाईचा धंदाही बुडतो. डोहाची खोली, पाण्याचा लोंढा कधी चढतो, कोणता दगड शेवाळलेला आहे हे ज्यांना ठाऊक आहे अशा गावच्या तरुणांना प्रशिक्षण, दोरखंड, जॅकेट आणि पगार देऊन तिथे उभे करणे महाग वाटते, पण तेच काम जीव वाचवते आणि रोजगारही देते.

‘इथे अजून गर्दीच कुठे आहे? व्हेनिसचे दुखणे जव्हारला कशाला लावता?’ असा एक आक्षेप घेतला जातो. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ च्या सुमारास पावणेदोन लाख लोक राहत, २०२२ मध्ये ते पन्नास हजारांच्या खाली आले. त्याला एकटे पर्यटन कारण नाही, पण भाड्याने दिलेल्या घरांनी राहणाऱ्यांना बाहेर ढकलले हे खरे आहे. त्या शहराने दिवसभरासाठी येणाऱ्यांवर शुल्क बसवले ते थेट एप्रिल २०२४ मध्ये, गाव रिकामे झाल्यावर. फिलिपाइन्सने बोराकाय बेट २०१८ मध्ये सहा महिने बंद ठेवले. थायलंडने त्याच वर्षी बंद केलेला माया किनारा २०२२ च्या जानेवारीतच पुन्हा उघडला. कॅनडातील भूगोलतज्ज्ञ रिचर्ड बटलर यांनी १९८० मध्ये पर्यटनस्थळाच्या आयुष्याचा जो आलेख मांडला, त्यात शोध, सहभाग, विकास, स्थैर्य आणि मग घसरण किंवा नवा जन्म असे टप्पे आहेत. त्या आलेखावर टीका पुष्कळ झाली, पण त्यातला एक मुद्दा टिकून आहे: स्थानिकांच्या हातातले नियंत्रण पहिल्या दोन टप्प्यांत असते आणि तिसऱ्यात निसटते. निसटल्यावर ते परत मिळवायला बंदी, न्यायालये आणि आंदोलने लागतात. जव्हार आज दुसऱ्या टप्प्यावर आहे. गर्दी नाही म्हणूनच नियम करण्याची वेळ आज आहे.

नियम म्हटले की भूतानचे नाव निघते. तिथे परदेशी पाहुण्याला रात्रीमागे शंभर डॉलर शुल्क पडते, भारतीयाला १२०० रुपये. कमी माणसे, जास्त पैसा, असे ते धोरण. ते आपल्याकडे जसेच्या तसे आणू नये, असे मला ठामपणे वाटते. विरारच्या चाळीतल्या माणसाला आठवड्यातून एकच सुट्टी मिळते आणि त्याला हिरवा डोंगर पाहायचा हक्क आहे. दारात इतके मोठे शुल्क ठेवले तर दरी फक्त मोटारवाल्यांची होईल. त्यापेक्षा संख्या बांधावी ती गाड्यांची. जव्हारच्या एसटी स्थानकापासून धबधब्यांपर्यंत गावच्या जीप ठरावीक दरात चालाव्यात, खासगी मोटारी लांब थांबाव्यात. एसटीने येणाऱ्याला कमी खर्च, मोटारीने येणाऱ्याला जास्त. माथेरानने मोटारी दस्तुरीलाच थांबवल्या म्हणून ते आजही पायी फिरण्याजोगे राहिले. मात्र त्याच माथेरानमध्ये माणसाने ओढायची रिक्षा इतकी वर्षे चालू राहिली की अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये ती सहा महिन्यांत थांबवा असे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. निसर्ग राखण्याच्या नियमात कष्टकऱ्याची बाजूही लिहून ठेवावी लागते, हे माथेरानने शिकवले.

राहिला संस्कृतीचा प्रश्न. पाहुण्यांसाठी नाचवल्याने नाच मरतो, असे म्हणतात, आणि ती भीती खोटी नाही. पण या भागाच्याच अनुभवाने तिला थोडे वळण द्यावे लागते. वारली चौक पूर्वी लग्नात सवाशिणी भिंतीवर काढत. १९७० च्या दशकात डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे कागदावर आणली, ती जगभर गेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चित्र पाड्यावरून निघून दूर विकले गेले, त्यासाठी पाड्यावर गर्दी व्हावी लागली नाही. ज्या वस्तू विकण्याजोग्या आहेत त्या विकल्या जाव्यात. जव्हार तालुक्यातील रामखिंडीचे मुखवटे त्यांत येतात. बोहाडा ही वेगळी गोष्ट आहे. होळीनंतरच्या दिवसांत रात्रभर मुखवटे धारण करून देवांची सोंगे निघतात, कोणत्या सोंगाचा मान कोणत्या घराण्याचा हे ठरलेले असते, संबळ वाजत राहतो. तो तिथीवर होतो आणि तिथीवरच व्हावा. बाहेरच्याने तो पाहायचा तर त्या रात्री तिथे यावे, गावच्या पंगतीत जेवावे, सकाळपर्यंत थांबावे. ‘पर्यटकांसाठी खास बोहाडा’ डिसेंबरच्या शनिवारी भरू लागला, तर तो बोहाडा राहणार नाही. वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारख्या तारपावादकाला ऐकायचे तर तेही त्यांच्या अंगणात, त्यांच्या सवडीने ऐकावे. रिसॉर्टच्या हिरवळीवर अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात नव्हे.

या सगळ्याचा मेळ पर्यटनाचा काळ बदलण्यात बसतो. जव्हार-मोखाड्याने पावसाळी गर्दी वाढवण्याच्या मागे न लागता दिवाळी ते होळी हे चार महिने भरावेत. तेव्हा हवा थंड असते, आकाश निवळलेले असते, भूपतगडाची चढण सोपी होते, सूर्यमाळ आणि देवबांध निवांत असतात, शिरपामाळावरून दूरचे दिसते. धबधबा नसतो, हे खरे. म्हणून धबधबा हेच एकमेव आकर्षण अशी जाहिरात थांबवली पाहिजे. या महिन्यांत घरी राहणाऱ्या कुटुंबाला पाहुण्याची खोली, जेवण, वाट दाखवणे, मुखवटे आणि चित्रे, बैलगाडी, नागलीचे पदार्थ यांतून उत्पन्न मिळाले आणि उरलेल्या दिवसांना रोजगार हमीचे काम वेळेवर मिळाले, तर उचल न घेण्याचा निर्णय त्याला परवडू शकेल. पर्यटन एकट्याने स्थलांतर थांबवेल असा दावा कोणी करू नये. वीस-तीस घरांच्या पाड्यात चार-पाच घरे थांबली तरी ती मोठी गोष्ट आहे. म्हणून जिल्हा प्रशासनाने यश मोजताना पावसाळ्यात किती गाड्या आल्या हे मोजू नये. जानेवारीत जिल्हा परिषदेच्या शाळेच्या हजेरीपटावर किती मुले उरली, हे मोजावे. तो पट प्रत्येक पाड्यावर आहे, नवे सर्वेक्षण करावे लागत नाही.

तोवर वाचकाच्या हातात एक गोष्ट आहे. जव्हारला जायचे असेल तर पावसाळ्यातला रविवार टाळा, दिवाळीनंतरचा एखादा आठवडा निवडा, एसटीने किंवा पूर्ण भरलेल्या गाडीने जा, निदान एक रात्र गावातल्या घरात राहा, जेवणाचे आणि वाटाड्याचे पैसे घासाघीस न करता द्या, आणि आणलेला कचरा परत घेऊन या.